अर्ध्या ताटाचा करार

३ मार्च, सोमवार

आज माझ्या काळ्या पँटचं बटण तुटलं. घटना मी साध्या शब्दांत नोंदवतो आहे; तिचं महत्त्व पुढच्या पिढ्यांनी ठरवावं. पन्नाशी उलटलेल्या माणसावर संकटं येतातच, पण ती इतका आवाज करत येत नाहीत.

बोटीवर माझ्याजवळ काळी पँट एकच, आणि 'वर' जेवायला जायचं तर काळी पँट सक्तीची. 'वर' म्हणजे सगळ्यांत वरच्या डेकवरचं ते चिमुकलं रेस्टॉरंट. खालच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये चड्डीवर जेवायला गेलात तरी कुणी हटकत नाही. वर मात्र मोजकी टेबलं, मेणबत्त्या, आणि दारात एक इसम, ज्याला मी पहिल्या दिवसापासून राजदूत म्हणतो. हुद्द्यानं तो मुख्य वेटर आहे, पण उभा असा असतो की आपण आधी अधिकारपत्रं सादर करावीत आणि मगच सूप मागावं. बोटीवर जो भेटेल तो विचारतो, "काय, वर गेलात की नाही अजून?" हा प्रश्न माणसाला इतक्या उत्साहानं विचारू नये, हे त्यांना कोण सांगणार?

बटण तुटलं ते चौथ्या पदार्थानंतर, नुसता श्वास घेताना. ते उडून शेजारच्या टेबलावरच्या चांदीच्या झाकणावर आपटलं. टण्ण! सगळं रेस्टॉरंट वळून बघायला लागलं. राजदूतानं वाकून ते उचललं, छोट्या तबकात ठेवलं आणि अदबीनं माझ्यापुढे आणलं. मेणबत्तीच्या उजेडात मला वाटलं, पाचवा पदार्थ आला.

"थांबा, हात लावू नका," बायको म्हणाली. "त्याचा वेगळा काटा असेल."

पेपरनं मला पाठवलं आहे ते याच जेवणावर लिहायला. मी संस्कृत घेऊन एम. ए. झालो. पुढे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं म्हणून पेपरात गेलो. पेपरात मला काय द्यायचं हे संपादकांना ठाऊक नव्हतं म्हणून त्यांनी खाण्याचं पान दिलं. तेव्हापासून हॉटेलं झोडपून आणि हॉटेलांत झोडून मी संसार केला. या धंद्यातली अडचण अशी की चाखायचे पदार्थ दोन आणि पोट एक. म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी आमच्यात करार झाला: दोघांनी वेगळं मागवायचं आणि अर्धं झालं की ताटं बदलायची. पाव आला तर मधला मऊ भाग माझा, भाजलेली कडक कड तिची. लग्नात घेतलेल्या बाकीच्या शपथांचं काय झालं ते देव जाणे, हा करार मात्र आजतागायत मोडलेला नाही.

इथे त्यात विघ्न आलं. पहिल्याच दिवशी आम्ही प्लेटा बदलायला लागलो तसा राजदूत धावत आला. "माफ करा सर, इथली प्रत्येक प्लेट त्या व्यक्तीसाठी रचलेली असते." रचलेली! आमच्या काळी महाकाव्यं रचत. हल्ली मुळ्याच्या चकत्या रचतात. तेव्हापासून तो शेजारी झाकणं उचलायला वळला की आम्ही चोरांसारखी झटकन अदलाबदल करतो. हिचा हात माझ्यापेक्षा चपळ. माझे दोन घास होतात न होतात तोच तिची प्लेट माझ्यापुढे हजर.

कोडं मात्र उरतंच. बाहुलीच्या भातुकलीएवढे पदार्थ खाऊन माणूस जाड कसा होतो?

बटण उद्या लावते म्हणाली. "आधी अंगठी काढून ठेवते. शिवताना सारखी घसरते मेली."

४ मार्च, मंगळवार

दुपारी बदल म्हणून खालच्या हॉलमध्ये गेलो. तिथे ताट म्हणजे ताट असतं. कडेपर्यंत भरलेलं, एकावर एक. आमच्या टेबलावर टाइल्सवाले आणि त्यांच्या सौभाग्यवती होत्या. यांचा टाइल्सचा कारखाना आहे आणि जगाकडे ते त्याच मापानं बघतात. काल वरून जेवून आले होते.

"पेपरवाले, खरं सांगू का? आमची सँपलची टाइल असते ना, गिऱ्हाइकाला फुकट देतो ती? तिच्याहून लहान होता तो मासा!"

"पण फोटो किती छान आला," वहिनी म्हणाल्या.

"फोटो छानच येणार. मोठा करून बघितला की पोट भरतं."

तेवढ्यात हिला ठसका लागला. पावाचा तुकडा घशात अडकला म्हणे. डोळ्यांत पाणी, चेहरा लाल, एक हात छातीवर. वहिनींनी पाठीत असे काही धपाटे घातले की शेजारचं टेबल उठून उभं राहिलं. कुणी पाणी आणलं, कुणी केळं आणलं, एका गृहस्थानं डॉक्टरांना हाक मारली आणि तीन डॉक्टर निघाले. तिघांनीही ही काय खाते, किती खाते, याची चौकशी सुरू केली.

"काही नाही हो, घाईत खाल्लं," ही म्हणाली आणि भरलेलं ताट तसंच ठेवून उठली.

केबिनमध्ये येऊन तिनं जाहीर केलं, "मी आता खाली जेवणार नाही. रोज वरच जाऊ."

"पण तुला तर तो थाट आवडत नाही!"

"आवडायला लागला."

सत्तावीस वर्षं मी या बाईला साधी समजत होतो. चार मेणबत्त्या आणि एक राजदूत दिसताच तिला खालची माणसं नकोशी झाली. श्रीमंती माणसाच्या अंगात मुरलेली असते. बाहेर यायला फक्त बोट लागते.

संध्याकाळी पहिला लेख लिहून तिला वाचून दाखवला. त्यात एक वाक्य साधलं आहे: 'इथल्या प्लेटमध्ये वाढलेलं कोणतं आणि उरलेलं कोणतं हे जो ओळखून दाखवील त्याला कंपनीनं पुढचा प्रवास फुकट द्यावा.' माझ्या विनोदाला ती एरवी निदान नाकानं तरी हसते. आज म्हणाली, "ते वाक्य काढा."

"का? तेच तर जमलंय!"

"उगाच कशाला कुणाला टोचायचं?"

म्हणजे ही कंपनीलाही सामील झाली. वाक्य ठेवलं. लेख पाठवला.

६ मार्च, गुरुवार

लेकीचा निरोप. बोटीवर इंटरनेट असं आहे की प्रश्न आज येतो आणि उत्तर उद्या जातं. दोघांनाही शांतपणे विचार करायला वेळ मिळतो. प्रश्न असा: 'बाबा, आई नीट जेवते ना? नक्की काय खाते ते सांगा.'

लेक आहारतज्ज्ञ नाही, बँकेत आहे. तरी तिनं हा चौथ्यांदा विचारलेला प्रश्न. मी सविस्तर उत्तर दिलं: कालचे सातही पदार्थ क्रमानं लिहिले. मशरूमचं सूप, बिटाच्या पातळ चकत्या, फेस (कशाचा ते राजदूतालाही सांगता आलं नाही), मासा, मधे जीभ धुवायला म्हणून लिंबाचा बर्फ, कोकराचं मांस, नासपती. खाली लिहिलं, 'तुझी आई यातलं सगळं खाते आणि रोज वर यायचा हट्ट धरते. काळजी माझी करावी. मला पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.'

ते अक्षरशः खरं आहे. बटण तिनं लावलं, पण दुसऱ्याच दिवशी पुन्हा कुरकुरायला लागलं. तिच्या अंगठीचं उलटं. अंगठी काल बोटातून निसटून बेसिनमध्ये पडता पडता वाचली. आता हिनं तिला आतून दोरा गुंडाळला आहे. समुद्राच्या हवेनं बोटं बारीक होतात म्हणे. माझ्या पोटाला ही हवा का लागत नाही, याचा शोध घ्यायला हवा.

आमची चोरी आता इतकी सफाईची झाली आहे की मी प्लेटेकडे बघतसुद्धा नाही. नजर राजदूतावर ठेवायची, हातानं प्लेट सरकवायची, समोरची ओढायची आणि चेहऱ्यावर साधूचे भाव आणून खायला लागायचं. चव जिभेवर, विशेषणं डोक्यात. आमचे शास्त्रीबुवा स्थालीपुलाकन्याय शिकवायचे: पातेल्यातलं एक शीत दाबून बघितलं की सगळ्या भाताची परीक्षा होते. माझी सगळी नोकरी या एका शितावर चालली आहे. एक घास घेतला की मला आचाऱ्याचं घराणं कळतं.

एक तक्रार. पावाचा मऊ भाग हल्ली ही घेते, सुपात बुडवून. कडक कड माझ्या वाट्याला येते. दाढ दुखते आहे. कराराचं हे उघड उल्लंघन आहे, पण बोटीवर दाद कुणाकडे मागायची?

७ मार्च, शुक्रवार

समुद्र खवळला. अर्धी बोट आडवी. वर आम्ही दोघं आणि टाइल्सवाले. त्यांचा रंग त्यांच्या कारखान्यातल्या बाथरूमच्या हिरव्या टाइल्ससारखा झाला होता. "फरशी हलतेय हो पेपरवाले, फरशी!" असं म्हणत ते तिसऱ्या पदार्थाला उठून गेले. माझाही धीर त्यानंतर लगेच सुटला.

हिला काही म्हणजे काही झालं नाही. मी पलंगावर पडून कण्हत होतो, ही शेजारी बसून माझं कपाळ पुसत होती.

"तुला कसं काही होत नाही गं?"

"पोटात काही असेल तर बाहेर येईल ना."

मला त्या अवस्थेतही हसू आलं. बायकोच्या विनोदात सुधारणा आहे, अशी नोंद करतो.

८ मार्च, शनिवार

बटण दुसऱ्यांदा गेलं. पँट आता सेफ्टी पिनेच्या भरवशावर आहे. मी जेवायला बसतानाच व्रत जाहीर केलं: आजपासून अदलाबदल बंद. ज्यानं त्यानं आपापली प्लेट संपवायची.

तिनं चमचा खाली ठेवला. "असं काय हो? तुमच्या लिखाणाचं काय होईल मग?"

"एका शितावर भागवीन."

"मला एवढं जात नाही. तुम्हाला माहितीय माझा आहार."

"अगं, एवढं म्हणजे केवढं? ही प्लेट मुंगीला दिली तर तीही आणखी मागेल."

"करार आहे आपला."

"स्थगित आहे. पिन सुटली तर काय होईल, याचा विचार कर."

ती हसली नाही. सूप आलं, ते तिनं घेतलं. एकेक चमचा, थांबून थांबून. मग मासा आला. माझा मी संपवला. प्लेट बदलायची नव्हती, राजदूतावर नजर ठेवायची नव्हती. मला कामच उरलं नाही, म्हणून मी तिच्याकडे बघत बसलो.

तिनं माशाचा तुकडा कापला. त्याचे दोन केले, दोनाचे चार. एक कण काट्यावर घेतला, तोंडात ठेवला आणि कितीतरी वेळ चावला. मग पाण्याचा घोट, मग मान थोडी वर, डोळे मिटून. गळ्याची शीर ताणली. घास गेला नाही. पुन्हा पाणी. तिनं नॅपकिन ओठांना लावला आणि मांडीवर घडी करून ठेवला. उरलेले तुकडे तिनं हिरव्या पानाखाली सरकवले. ते हात सरावाचे होते. मधूनमधून ती बघत होती, माझ्याकडे नव्हे, राजदूताकडे. तो पाठ कधी फिरवतो ते.

तो फिरला. तिनं सवयीनं प्लेट उचलली, मग व्रत आठवून पुन्हा खाली ठेवली.

"आण इकडे," मी म्हणालो.

मी तो मासा खाल्ला. गार झाला होता. अर्धा नव्हता, सगळा होता.

९ मार्च, रविवार

सकाळी डेकवर. समुद्र आज इतका शहाण्यासारखा पसरला होता की परवाचा तो हाच यावर विश्वास बसू नये. कठड्याशी दोन खुर्च्या ओढून बसलो. कसं विचारावं ते मला सुचेना. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाची ही गत.

"केव्हापासून?" एवढंच आलं.

"थंडी सुरू झाली तेव्हापासून. आधी नुसता पाव अडकायचा. मग पोळी, मग भात. आता पातळच जातं." दुसऱ्या कुणाच्या घशाबद्दल सांगावं तसं ती सांगत होती. घरी दोन महिने रोज सूप का होतं, याचा उलगडा मला समुद्राच्या मध्यावर झाला. मासिकात वाचून डाएट करते म्हणून मी तिची टिंगल केली होती. 'माझं झालं, तुम्ही संपवा' असं ती रोज म्हणायची आणि मी रोज संपवायचो.

"डॉक्टर?"

"दाखवलं. लेक आली होती बरोबर. येत्या बुधवारी आत नळी घालून बघणार आहेत. तुकडा काढून तपासायला देतील."

"म्हणजे तिला माहीत होतं."

"हो. ती म्हणत होती बाबांना सांग. मी म्हटलं, परत आल्यावर."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लेख लिहिला असता त्यावर."

मी हसलो. तीही हसली आणि तिला ठसका लागला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ठसका ओसरल्यावर म्हणाली, "तुम्ही बोट रद्द केली असतीत. मला समुद्र बघायचा होता हो. इतकी वर्षं तुमच्याबरोबर हिंडते, पण बघितलं काय? नुसती हॉटेलांची छतं. आणि वर बरं होतं. खाली ताट भरून वाढतात, चार माणसं विचारतात. वर कुणी विचारत नाही. तिथे वाढलेलं आणि उरलेलं सारखंच दिसतं." मग म्हणाली, "काढा म्हटलं होतं मी ते वाक्य."

तेवढ्यात टाइल्सवाले आले. रंग पुन्हा माणसाचा झाला होता. "काय पेपरवाले, आज संध्याकाळी वर ना?" मी समुद्राकडे बघितलं. हीच म्हणाली, "हो हो, जाणार तर. हे व्रत सोडताहेत आज."

दुपारी संपादकांचा निरोप आला. लेख छापून आला. वाचकांना फार आवडला. विशेषतः ते वाढलेल्या-उरलेल्याचं वाक्य. लोक एकमेकांना वाचून दाखवताहेत म्हणे.

१० मार्च, सोमवार

उद्या सकाळी बंदर. आज वरचं शेवटचं जेवण.

राजदूत यादी घेऊन आला. मी म्हणालो, "दोन बाऊल सूप. आणि शेवटी नासपती, मऊ शिजवलेलं. बाकी काही नको."

"सर, शेवटच्या संध्याकाळी शेफनं खास नऊ पदार्थ रचले आहेत."

"त्यांना म्हणावं, रचना उत्तम आहे. दोन सूप."

तो गेला. त्याच्या पाठीवरून कळत होतं की ज्या देशाचा तो राजदूत आहे, त्या देशाचा आज अपमान झाला आहे.

सूप आलं. ती पीत होती तसं मीही प्यायलो. एकेक चमचा, थांबून थांबून. अशा वेगानं मी आयुष्यात जेवलो नव्हतो. मशरूमच्या सुपात जायफळ असतं हे मला आज कळलं. पाच दिवसांपूर्वी मी त्याला 'निर्गुण' म्हटलं होतं.

अर्धं झाल्यावर मी माझा बाऊल तिच्यापुढे सरकवला. उघड, राजदूताच्या देखत.

"अहो, दोन्ही एकच आहेत की!"

"करार आहे."

तिनं आपला बाऊल दिला. या वेळी मी आधी आत नीट बघितलं. मग प्यायलो. राजदूत आमच्याकडे बघत होता. आला नाही.

केबिनमध्ये आल्यावर तिनं पँट मागून घेतली आणि बटण तिसऱ्यांदा लावलं. खाली जाड कापडाचा तुकडा घालून, पक्कं. दोरा दातांनी तोडला. "आता नाही तुटायचं," म्हणाली. मग दिवा तिच्या बाजूचा मालवून भिंतीकडे तोंड करून पडली. अंगठी उशाशी ठेवली आहे.

लेकीचा निरोप येऊन पडला होता. नेहमीचाच प्रश्न: आई काय जेवली?

मी लिहिलं: 'अर्धा बाऊल सूप. माझ्यातले चार चमचे. नासपतीची एक फोड. पाव नाही.' त्याला एकही विशेषण लावलं नाही.

परवा तपासणी आहे. मला फार भीती वाटते आहे.